चार तासांची झोप

गरम वारा सुटायला अजून महिना होता, पण यंदा त्याला थांबायला कुणी सांगितलं नसावं. एका सकाळी रोपवाटिकेतली माणसं उठली तेव्हा दोरीवरची धुणी आडवी झाली होती आणि दातांत माती कचकचत होती. विहिरीने तर आधीच तळ दाखवला होता. मुकादमाने सगळ्यांना गोळा केलं.

"बारा दिवस," तो म्हणाला. "बारा दिवसांत वरच्या पट्ट्यातली झाडं उचलून ट्रकात गेली पाहिजेत. माती सुकली की मुळाशी गोळा धरत नाही. मग झाडंही इथेच वाळतील आणि आपणही."

झाडं तीन-तीन वर्षांची होती. एकाने भोवतीने खोदून मुळांसकट मातीचा गोळा सुटा करायचा, दुसऱ्याने तो ओल्या बारदानात गुंडाळून सुतळीने आवळायचा, तिसऱ्याने हातगाडीवर घालून ट्रकापर्यंत न्यायचा. तीन माणसं मिळून एक खोली, असा तिथला नियम. तिसरं माणूस कमी पडलं की खोली दुसऱ्या तिघांना. फाटकाबाहेर अशी तिघं कायम बसलेली असायची.

पत्र्याच्या ओळीतली शेवटची खोली माय-लेकाची आणि सुनेची. लेक खोदायचा. त्याची आई बांधायची. तिला सगळे गाठवाली म्हणत, आणि ते कौतुकानेच. तिने बांधलेला गोळा दोन दिवसांचा प्रवास करून उतरला तरी चिमूटभर माती सांडत नसे. तिची गाठ सुटत नसे, कापावी लागे. गाठ मारून झाली की सुतळी दातांत धरून ती एक झटका द्यायची आणि मगच पुढच्या झाडाकडे वळायची. इतर बायका हाताने चाचपत, ही दाताने. म्हातारीची लकब म्हणून सगळे हसायचे.

सून गाडी ओढायची, म्हणजे आधी ओढायची. तिला बाळंत होऊन बावीस दिवस झाले होते. तिच्या जागी मुकादमाने जी बाई दिली होती ती वारा सुटला त्याच दिवशी सामान उचलून निघून गेली.

"उद्यापासून तुमचं तिसरं माणूस पाहिजे," मुकादम दारात उभा राहून म्हणाला.

"ओली बाळंतीण आहे हो ती," गाठवाली म्हणाली.

"माती पण ओलीच आहे, मावशी. ती वाळायच्या आत उरकायचंय." आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन तो पुढच्या खोलीकडे गेला.

त्याच दुपारी नर्सबाई आली. दर आठवड्याला तिची फेरी असे. गाडी लावून, तोंडावरचा रुमाल झटकत ती आत आली आणि बाळाकडे बघून दारातच थांबली. गाठवालीने नातीला नुकतंच बांधलं होतं. पाय सरळ ओढलेले, हात छातीशी दाबलेले, वर दोन दुपटी, डोक्याला टोपडं, आणि सगळ्यावरून कापडाची लांब पट्टी फिरवून पोटावर गाठ. पोरगी कुशीवर होती, पाठीमागे बारदानाची गुंडाळी लावली होती.

"हे बाळ आहे की पार्सल?" नर्सबाई म्हणाली.

गाठवालीला राग आला. "बघा तरी, किती शांत आहे."

"शांत नाही. दमलंय." नर्सबाईने खाली बसून गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. शेवटी तिने पिशवीतली कात्री काढली. आतून बाळ लालबुंद, घामाने ओलं निघालं. मानेच्या वळीत पाणी साठलं होतं. सुटं झाल्यावर पोरीने दोन्ही गुडघे वर घेतले आणि ते तसेच धरून ठेवले.

"बघा, पाय असे हवेत. बेडकासारखे. सरळ ओढून बांधले तर खुबा निखळतो, मग जन्मभर लंगडेल." नर्सबाईने एकच पातळ दुपटं अंथरलं. खांद्याच्या वर कापड येऊ दिलं नाही. हात आत घेतले, दोन्ही टोकं एकावर एक आणली, आणि खालचा भाग सैल सोडून पायांना पोटली करून दिली. मग आपली दोन बोटं कापड आणि छातीच्या मध्ये घातली. "दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. नाही गेली तर श्वास पुरत नाही. खोलीत टोपडं नको, एवढ्या उकाड्यात तर मुळीच नको. झोपवायचं पाठीवर. कुशीवर नाही, मागे उशा-गाठोडी नाहीत. आणि उपडं व्हायला लागलं की गुंडाळणंच बंद."

सून डोळ्यांत प्राण आणून बघत होती. गाठवाली भिंतीला टेकून होती.

"मी चाळीस वर्षं गोळे बांधतेय," ती म्हणाली. "आत हललं की मूळ तुटतं. हललं की मेलं. हे मला कुणी शिकवायला नको."

"बाळाला मुळं नसतात, मावशी. ते हललंच पाहिजे."

गाठवालीने कापलेली पट्टी उचलून तिची घडी घातली. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "माझ्या या लेकाच्या आधी एक होता. सैल गुंडाळून बांधावर ठेवला होता. कापड सुटून तोंडावर आलं. मी पलीकडच्या ओळीत होते. हाकेच्या अंतरावर."

सुनेने हे कधी ऐकलं नव्हतं. रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, तर त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं.

नर्सबाईचा आवाज उतरला. "सैल वाईटच, मावशी. ते तुमचं खरं आहे. म्हणून तर बोटं घालून बघायचं. सैल नाही आणि आवळूनही नाही." जाताना ती सुनेला म्हणाली, "आणि कामावर इतक्यात जाऊ नका." सून हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली. बाळाला टोपलीतून बरोबर नेलं तर अर्ध्या तासात पोरीच्या नाकाडोळ्यांत माती गेली, आणि मुकादम ओरडला की गाड्यांच्या वाटेत टोपली दिसली तर उचलून बाहेर ठेवीन. मग टोपली खोलीत परत आली. सुनेने नर्सबाईसारखं गुंडाळलं, दोन बोटं घातली, पाठीवर झोपवलं, खिडकी उघडी ठेवली, दार लोटलं आणि धावत पट्ट्यात गेली.

पोरगी पाऊण तास झोपली. नंतर जी रडू लागली ती वाऱ्याबरोबर पार वरच्या पट्ट्यापर्यंत ऐकू आली. सून गाडी सोडून पळाली. पाजलं, गुंडाळलं, निजवलं, परत आली. पाऊण तासाने पुन्हा. दिवसभरात ती किती वेळा पळाली कुणास ठाऊक. टाके ओढत होते. मांड्यांना कापड घासून सोललं होतं. पोरीचं रडणं कानावर आलं की दूध आपोआप सुटायचं आणि छातीवर मातीचा चिखल व्हायचा. तो लपवायला ती गाडीवर वाकून चालायची, आणि वाकलं की कंबर मोडायची. नवरा खोदून, सासू बांधून मोकळी व्हायची आणि बांधलेली झाडं उन्हात गाडीची वाट बघत पडून राहायची.

"तुमची सोळा झाडं वाळतायत," मुकादम म्हणाला.

तिसऱ्या दिवशी रडणं ऐकून ती वळली आणि गाडीचं चाक चरात गेलं. झाड आडवं पडलं, बारदान फाटलं, गोळा फुटून मुळं उघडी पडली. मुकादमाने सगळ्यांचं काम थांबवलं.

"भर ती माती," तो म्हणाला.

ती फावडं घ्यायला गेली.

"फावड्याने नको. हाताने भर. कळू दे एक गोळा धरायला किती वर्षं लागतात."

ती बसली. ओंजळीने माती भरू लागली. पलीकडून पोरगी रडत होती आणि हिच्या छातीतून दूध टपटप मातीत पडत होतं. सगळे बघत होते. नवरा पहारीवर हात ठेवून उभा होता, त्याचे कान लाल झाले होते, पण तो जागचा हलला नाही. गाठवाली मात्र येऊन तिच्या शेजारी बसली आणि दोन्ही हातांनी माती ओढू लागली.

"उद्या पुन्हा गाडी थांबली तर खोली रिकामी करा," मुकादम म्हणाला. "फाटकावर तिघं बसलीत. त्यांच्यात तान्हं नाही."

संध्याकाळी सून नखांतली माती काढत बसली. नवऱ्याने एकदाच विचारलं, "जास्त वेळ नाही का झोपत ती?" सुनेने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पाणी आणायला गेला.

चौथ्या दिवशी सकाळी तिने पोरीला पोटभर पाजलं. ढेकर काढला. मग दुपट्याकडे बघत बसली. बाहेर गाड्यांची चाकं वाजू लागली होती.

"आई," ती म्हणाली, "आज तुम्हीच बांधा."

गाठवाली सुतळीचे गुंडे पिशवीत भरत होती. तिने मान वर केली. "कशी?"

"तुमच्यासारखी. घट्ट."

"नर्स काय म्हणाली होती?"

"एक दिवस, आई. फक्त आजचा दिवस."

म्हातारीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने हात पुसले आणि मांडी घातली. पाय सरळ केले, हात दाबले, दोन दुपटी एकावर एक, डोक्याला टोपडं, वरून पट्टी. पोरीने एकदाच तोंड वेडंवाकडं केलं. दूध वर येईल म्हणून म्हातारीने तिला कुशीवर केलं आणि पाठीशी गाठोडं लावलं.

"दोन बोटं जातात ना?" सुनेने दारातून विचारलं.

गाठवालीने कापडाच्या कडेला बोटं नेली. "जातात की."

सुनेला दोन पावलं मागे येऊन स्वतः बघता आलं असतं. तिने ते केलं नाही. तिला बघायचं नव्हतं. ती गाडीचा दोर खांद्यावर घेऊन निघाली.

त्या दिवशी रडणं ऐकू आलं नाही. पहिला तास तिचे कान खोलीकडे लागलेले होते. दुसऱ्या तासाला गाडीला लय आली. झाड घ्यायचं, न्यायचं, ठेवायचं, वळायचं. तिसऱ्या तासाला मागची राहिलेली सगळी झाडं ट्रकात गेली आणि मुकादम जाता जाता म्हणाला, "आज जमलं बघा." ते ऐकून तिला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. छाती दगडासारखी टणक झाली होती, दूध दाटून काखेपर्यंत ठणकत होतं. आणखी एक खेप, असं म्हणत तिने आणखी सहा केल्या. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा दूध आपणहून सुटलं, पण ते सोडवायला रडणं काही आलं नाही. तशी ती थांबली आणि दोर खाली टाकून चालू लागली. मग पळू लागली.

खोलीत पत्रा तापून नुसती भट्टी झाली होती. पोरगी कुशीवर नव्हती. गाठोडं मागून सरकलं होतं आणि त्याच्या रेट्याने ती पुढे उपडी झाली होती, तोंड गोधडीत. सुनेने तिला उलटं केलं. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. ओठांभोवती निळी रेघ. डोळे अर्धवट. टोपडं भिजून डोक्याला चिकटलेलं.

तिने गाठ ओढली. नखं लावली, दात लावले. गाठ सुटेना. चाळीस वर्षांत ती गाठ कधी सुटलीच नव्हती. बारदान कापायचा विळा कोपऱ्यात होता, तो तिने पट्टीखाली घातला. पट्टी तुटली, दुपटी सुटली, आणि पोरीचे हातपाय कुठेही पडतील तसे पडले. पाय वर आले नाहीत.

तिचं ओरडणं वरच्या पट्ट्यापर्यंत गेलं.

ट्रकवाला भला माणूस होता. अर्धा भरलेला ट्रक तसाच काढून त्याने तिघांना दवाखान्यात आणलं. वाटेत सुनेने बाळाला उघडंच मांडीवर धरलं होतं, ओल्या फडक्याने पुसत होती, तळपाय चोळत होती, नाव ठेवलं नव्हतं म्हणून नुसतं "ए, ए" म्हणत होती. वळणावर पोरीने एक बारीक, चिरका आवाज काढला. तो ऐकून नवऱ्याने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

दवाखान्यात नर्सबाईच होती. तिने काही न विचारता बाळ घेतलं, नळी लावली, अंग गार केलं. तासाभराने ओठांचा रंग परत आला. आणखी थोड्या वेळाने पोरीने गुडघे वर घेतले, आणि सून तिथेच जमिनीवर बसली.

"पाव तास उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते," नर्सबाई म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं? दाखवलं नव्हतं? कुणी बांधलं?"

"मी," गाठवाली म्हणाली.

"बोटं घातली होती?"

"घातली होती. गेली होती."

"कशी जातील? छातीवर वळ उठलेत!"

"गेली होती," म्हातारी म्हणाली, पण यावेळी हळू. नर्सबाईने तिचे हात हातात घेतले. ओल्या बारदानाने आणि सुतळीने बोटांची टोकं काळी, गुळगुळीत झाली होती. एकावर जुना चटका होता, पिकलेला. तिला त्याचा पत्ताही नसावा.

"डोळे मिटा," नर्सबाई म्हणाली. तिने म्हातारीचं मधलं बोट चिमटीत घट्ट दाबलं. "कुठलं बोट धरलंय?"

गाठवालीने डोळे मिटलेलेच ठेवले. "धरा की आधी," ती म्हणाली.

नर्सबाईने बोट सोडलं. दारात मुकादम उभा होता. ट्रक मध्येच गेला म्हणून तो मोटारसायकलवर मागोमाग आला होता, आणि शिव्या द्यायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं. त्याने म्हातारीच्या बोटांकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं.

"किती दिवसांपासून?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं," म्हातारी म्हणाली.

दाताने गाठ ओढून बघायची ती यासाठी. आता ते सगळ्यांना कळलं.

"बोटं गेलेली बांधणारी आणि बाळंतीण," मुकादम म्हणाला. त्याचा आवाजही फार चढला नाही. "मी मालकाला काय सांगू? उद्या सकाळी खोली मोकळी करा."

संध्याकाळी ट्रकवाल्यानेच त्यांना परत आणून सोडलं. खोली तशीच होती. कापलेली पट्टी आणि दोन दुपटी गोधडीवर पडली होती. सुनेने एक पातळ दुपटं उचललं, झटकलं, पोरीला पाठीवर निजवलं आणि नुसतं पोटापर्यंत गुंडाळलं. दोन बोटं घातली. पुन्हा घातली.

नवरा उभा राहून हे बघत होता. आता त्याला कंठ फुटला.

"दोन वर्षं!" तो आईवर ओरडला. "दोन वर्षं लपवलंस आणि माझ्या पोरीवर हात चालवलास? नर्सने सांगितलं तरी तुझंच खरं! एकाला खाल्लंस, आता हिला खाणार होतीस?"

म्हातारीने ते ऐकून घेतलं. तिचा चेहरा कसनुसा झाला, पण ती सुनेकडे एकदाही वळली नाही. "माझीच बुद्धी फिरली," ती म्हणाली.

"मावशीकडे जा तू. आत्ता. मला डोळ्यांपुढे नको आहेस."

ती उठली. खुंटीवरचे दोन कपडे काढले, पिशवीतले सुतळीचे गुंडे बाहेर काढून नीट ओळीने ठेवले आणि कपडे आत भरले. सून बाळाशेजारी बसून होती. तिला वाटलं, बोलू नये. म्हातारीने स्वतःहून अंगावर घेतलंय. म्हातारीचं काय, बहिणीकडे राहील. आपल्याला याच माणसाबरोबर उद्या कुठेतरी जायचंय, दुसरी खोली शोधायचीय, दुसरा मुकादम. म्हातारी दारापर्यंत गेली, चप्पल पायात घालू लागली. चपलेत पाय नीट जाईना. ती वाकून हाताने पाय ढकलत होती.

"मी सांगितलं होतं," सून म्हणाली.

नवरा वळला.

"आईंनी विचारलं होतं, कशी बांधू. मी म्हटलं, घट्ट. तुमच्यासारखी. आणि मी बोटं घालून बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही."

"वेडी आहेस का तू?" म्हातारी दारातून ओरडली. तिला खरोखरच संताप आला होता. "कशाला सांगितलंस? माझं आता काय राहिलंय? तुला कोण ठेवील?"

"मला चार तास हवे होते," सून म्हणाली. ती आता रडत होती, पण नवऱ्याकडे बघूनच बोलत होती. "मला ती माती पुन्हा हाताने भरायची नव्हती. एवढ्यासाठी. काय मारायचं ते मारा."

नवरा उभाच होता. त्याची मूठ वळली होती. ती हळूहळू सुटली आणि तो भिंतीला पाठ लावून खाली सरकत बसला.

"दुपारी मी आलो होतो," तो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"कुदळीचा दांडा सैल झाला होता. पाचर न्यायला आलो होतो. ती उपडी झालेली दिसली. चेहरा लाल होता, थोडासाच दिसत होता." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, हात लावला तर उठेल. उठली तर रडेल, आणि तू गाडी सोडून येशील. मी पाचर घेतली आणि चपला हातात धरून गेलो. आवाज होऊ नये म्हणून."

बाहेर दिवसातला शेवटचा ट्रक भरत होता आणि मुकादम माणसांना हाका मारत होता. म्हातारी एक चप्पल घालून दारातच बसली. कुणी उठलं नाही.